कमरेचा वळ : धोतर, लुगडे आणि त्वचेच्या एका कर्करोगाची ओळख

#धागा

१९४५ साली जुन्या सातारा जिल्ह्यात दोन सत्ता एकाच वेळी नांदत होत्या. एक कलेक्टर कचेरीतली आणि दुसरी क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारची. त्याच वर्षी ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात मुंबईतील दोन संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्या लढ्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. परंतु कुंडल, वाळवा, तासगाव, कराड या भागांतील माणसे जे वस्त्र कमरेला आवळून रानात उतरत, त्या वस्त्राचे नाव या निबंधाने एका कर्करोगाला दिले. धोतर कर्करोग.

मित्रहो, आजचा धागा या रोगाच्या ओळखीचा इतिहास आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा. यातील काही भाग घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवण्याजोगा आहे आणि तो कोणता, हे तिथवर पोहोचल्यावर आपोआप कळेल.

आधी भूगोलाचा खुलासा. आजचा सांगली जिल्हा त्या काळी अस्तित्वात नव्हता. कृष्णाकाठचे कितीतरी तालुके सातारा जिल्ह्यात होते. सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती. १९४९ साली त्या सर्वांची मोट बांधून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. त्यामुळे या धाग्यात सातारा-सांगली हा एकच मुलूख समजावा. वेशभूषेच्या बाबतीत तर तो एकच होता.

या मुलखातील पुरुष धोतर नेसत आणि बाया नऊवारी लुगडे. लुगडे सुमारे आठ मीटरचे. त्याच्या आत परकर नसे. कमरेशी पहिली गाठ पक्की मारायची आणि मग निऱ्या, कासोटा, पदर असा सारा डोलारा त्या एका गाठीवर उभा करायचा. गाठ सैल पडली तर भर भांगलणीत लुगडे सुटणार. म्हणून ती करकचून मारली जाई. धोतराचेही तसेच. मोट हाकताना, नांगर धरताना धोतर सुटून चालत नसे.

बरे, कमरेवर केवळ वस्त्रच नव्हते. पुरुषांच्या कनवटीला पैसे, चंचीत पान-तंबाखू, खाली करदोटा. बायांच्या ओटीत कधी शेंगा, कधी वेचलेला कापूस. आपल्या भाषेत कामाला सिद्ध होण्यास ‘कंबर कसणे’ म्हणतात. तो वाक्प्रचार जन्मला तेव्हा त्यात अलंकार फारसा नसावा. माणसे खरोखरच रोज पहाटे कंबर कसत होती.

त्याचा परिणाम त्वचेवर होई. कमरेच्या दोन्ही बाजूंना, खुब्याच्या हाडाच्या वरच्या कडेला, गाठीच्या रेषेत एक वळ पडे. सुरुवातीला तो संध्याकाळी वस्त्र सैल केले की मावळे. पुढे मावळेनासा होई. त्या रेषेतील त्वचा काळवंडे, जाड आणि खरखरीत होई, कोंड्यासारखा पापुद्रा सुटे. काहींच्या बाबतीत उलट घडे. रंग उडून पांढुरके चट्टे पडत. माण-खटाव, जत, आटपाडीच्या उन्हात घामाने आणि धुळीने ती रेषा खाजे; पाटण-शिराळ्याच्या पावसात ओले वस्त्र दिवसभर त्याच रेषेवर घासे.

हा वळ कोणाला रोग वाटत नसे. वाटण्याचे कारणही नव्हते. आईच्या कमरेला होता, सासूच्या होता, जावेच्या होता. जी खूण सर्वांच्या अंगावर असते ती खूण राहत नाही, ती शरीराचा भाग होऊन बसते. त्या काळची छायाचित्रे पाहिली तर फेटे, टोप्या, काठ्या, पदर सगळे दिसते. ही रेषा मात्र सदरा आणि निऱ्यांच्या आड कायम झाकलेली आहे. इतिहासाच्या साधनांत न उमटलेली आणि तरीही लाखो अंगांवर कोरलेली अशी ही रेषा होती.

आता थोडे दूर जाऊ. राहणी आणि त्वचेचा कर्करोग यांची सांगड पहिल्यांदा घातली गेली ती लंडनमध्ये. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने लिहिले की, धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशावर एक विशिष्ट व्रण होतो, तो कातडीच्या सुरकुत्यांत बसलेल्या काजळीमुळे होतो आणि लोक त्याला गुप्तरोग समजून भलतेच उपचार करतात. या पोरांना अगदी लहानपणी अरुंद धुराड्यांतून चढवले जाई. रोग उमटे तो पुष्कळ वर्षांनी. कारण आणि परिणाम यांत एवढे अंतर असले की त्यांचे नाते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पॉटचे मोठेपण ते ध्यानात येण्यात आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. १८६६ साली काश्मीरमध्ये काम करणाऱ्या डॉ. एल्म्स्ली या स्कॉटिश मिशनरी वैद्यांनी तेथील लोकांच्या पोटावर आणि मांड्यांच्या आतील बाजूस होणाऱ्या कर्करोगाकडे लक्ष वेधले. थंडीत काश्मिरी माणूस फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरून बसतो. वर्षानुवर्षे त्वचा शेकून निघते, तिच्यावर लालसर-काळी जाळी उमटते आणि काहींना त्याच जागी कर्करोग होतो. ‘कांगडी कर्करोग’ हे नाव आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

म्हणजे रोगाची जागाच त्याचे कारण सांगत होती. लंडनला काजळी जिथे साठे तिथे, श्रीनगरला कांगडी जिथे टेके तिथे. हा धागा पकडणारा माणूस महाराष्ट्राला मिळाला तो १९४० च्या दशकात.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. जन्म १८९५, विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण लंडनमध्ये, नंतर मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक आणि आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचेही ते अध्यक्ष होते.

परळ म्हणजे गिरणगावाचा गाभा. गिरण्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांची माणसे भरलेली. रुग्णालयाच्या दारात गुजराती, पारशी, दख्खनी, आंध्र, बिहारी असे नाना प्रांतांचे रुग्ण येत. खानोलकरांच्या ध्यानात आले की, हे सगळे ‘भारतीय’ असले तरी त्यांचे कर्करोग सारखे नाहीत. कोणा समाजात तोंडाचा अधिक, कोणात गर्भाशयमुखाचा, पारशी स्त्रियांत स्तनाचा. मग हा फरक रक्तातला की राहणीतला, असा प्रश्न त्यांनी घेतला. हा प्रश्न विकृतिशास्त्राचा आहे तितकाच इतिहासाचा आहे, असे मला नेहमी वाटते.

१९४५ सालचा निबंध याच प्रश्नातून आला. खानोलकर आणि त्यांच्या सहसंशोधक बी. सूर्याबाई यांनी भारतातील चालीरीतींशी जोडलेले तीन नवे कर्करोग त्यात मांडले. आंध्र किनाऱ्यावर चुट्टा, म्हणजे जाड विडी, पेटते टोक तोंडात धरून ओढतात. त्याने टाळूला होणारा कर्करोग. बिहारकडे खैनी, म्हणजे चुना लावलेली तंबाखू, ओठाच्या आत ठेवतात, तिथे होणारा. आणि तिसरा, कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या रेषेत होणारा त्वचेचा कर्करोग.

पहिल्या दोहोंत तंबाखू आहे, धग आहे, चुना आहे. तिसऱ्यात काय आहे? काही नाही. नुसते सुती कापड. विषारी पदार्थ कोणताच नाही. केवळ दाब, घर्षण, घाम आणि काळ. माझ्या मते त्या निबंधातील सर्वांत धाडसी विधान हेच होते.

नुसत्या घासण्याने कर्करोग कसा होईल, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर दोन जुन्या धाग्यांत सापडते. फ्रान्समध्ये १८२८ साली जाँ-निकोला मार्जोलँ याने जुन्या जखमांच्या वणांवर उगवणाऱ्या चामखिळीसारख्या व्रणांचे वर्णन केले. पुढे १९०३ साली अमेरिकेतील डॉ. डाकोस्टा यांनी अशा कर्करोगी व्रणाला मार्जोलँचे नाव जोडले. भाजल्याचा जुना वण, वर्षानुवर्षे वाहणारी जखम, पायाचे न भरणारे क्षत या साऱ्या जागांवर हा उद्भवतो. दुसरा धागा जपानमधला. १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. डांबरात घातक रसायने असतात हे खरे, पण त्या प्रयोगातील चिकाटी पाहण्यासारखी आहे. एकदा चोळून काही झाले नाही. पुन्हा पुन्हा चोळावे लागले.

त्वचा झिजली की तिच्या खालच्या थरातील पेशी विभागून नवी त्वचा तयार करतात. रोज झीज, रोज दुरुस्ती, असे तीस-चाळीस वर्षे चालले तर विभाजनांची संख्या अफाट होते आणि एखाद्या पेशीत चूक राहून जाण्याची शक्यता वाढते. शिवाय जुनाट वणाच्या जागी रक्तवाहिन्या कमी झालेल्या असतात, शरीराची राखणदार यंत्रणा तिथे नीट पोहोचत नाही. बिघडलेली पेशी तिथे बिनबोभाट वाढते. यातून जो कर्करोग होतो त्याला शल्क पेशींचा कर्करोग म्हणतात. त्वचेच्या सर्वसामान्य कर्करोगांपैकी हा एक आहे.

गोऱ्या लोकांत तो मुख्यतः उन्हाने होतो. म्हणून तिकडची माहितीपत्रके चेहरा, कान, हाताची पाठ तपासायला सांगतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून बरेच रक्षण करते. त्यामुळे भारतात त्वचेचे कर्करोग एकंदरीने कमी आहेत. पण याचा अर्थ असाही होतो की, आपल्याकडे वण, जुनाट जखमा आणि घर्षणाच्या जागा यांचे महत्त्व तुलनेने वाढते. गुऱ्हाळावर उकळत्या काकवीने भाजलेला हात किंवा लहानपणी चुलीशी भाजलेला पाय पन्नास वर्षांनी पुन्हा उघडला, तर तो ‘जुनाच आहे’ म्हणून सोडून देण्याजोगा नसतो.

धोतर हळूहळू गेले. पायजमा आला, मग पँट आली. बायांच्या वेशात मात्र बदल निराळ्या दिशेने झाला. शहरांतून पाचवारी गोल साडी पसरत गावात आली आणि तिच्यासोबत परकर आला. लुगड्याची गाठ रुंद कापडाची होती. परकराची नाडी ही सुतळीएवढी. आठ मीटरचा भार गेला, पण उरलेल्या साडीचा सगळा ताण आता एका बारीक दोरीवर आला. कापड वाचले, पण वळ अधिक खोल झाला. वेशभूषेच्या इतिहासात या बदलाचे वर्णन सुटसुटीतपणा म्हणून केले जाते. कमरेच्या दृष्टीने तो तितकासा सुटसुटीत नव्हता.

त्यामुळे रोगाचे नावही बदलले. २००५ साली ‘बॉम्बे हॉस्पिटल जर्नल’मध्ये ‘साडी कर्करोग’ या मथळ्याखाली रुग्णांची नोंद आली. धोतर कर्करोगानंतर साठ वर्षांनी, त्याच रेषेत.

आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या ब्रिटिश नियतकालिकात वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. पहिल्या बाई सत्तरीच्या. उजव्या कुशीवर दीड वर्ष न भरलेला व्रण, भोवतीच्या त्वचेचा रंग उडालेला. साडीखाली परकराची नाडी घट्ट बांधण्याची सवय. दुसऱ्या बाई साठीच्या उत्तरार्धातल्या, चाळीस वर्षे रोज लुगडे नेसणाऱ्या, आत परकर नाही. व्रण दोन वर्षे तसाच. दोघींच्याही व्रणाचा तुकडा तपासला तेव्हा मार्जोलँ व्रण निघाला. दुसऱ्या बाईंचा रोग तोवर जांघेतील एका गाठीपर्यंत गेला होता.

लुगडे हा आपला शब्द तसाच्या तसा त्या इंग्रजी लेखात छापला गेला. १९४५ आणि २०२४ या दोन नोंदींच्या मध्ये जवळपास ऐंशी वर्षे आहेत.

त्या वेळी ‘साडीमुळे कॅन्सर’ असे मथळे झळकले आणि समाजमाध्यमांवर दोन तट पडले. एक म्हणे साडी टाकून द्या. दुसरा म्हणे हा संस्कृतीवर घाला आहे. दोघांनीही मूळ नोंद वाचलेली नव्हती, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही. कोट्यवधी स्त्रिया साडी नेसतात, त्यांतील असंख्य जणींच्या कमरेला वळ असतो आणि त्यांपैकी फारच थोड्यांना हा रोग होतो. दोष साडीचा नाही. एकाच रेषेत, तितक्याच घट्टपणे, दशकानुदशके बांधण्याचा आहे. नाडीऐवजी रुंद पट्टी किंवा इलॅस्टिक, बांधण्याची जागा थोडी वरखाली करणे, त्वचा बिघडलेली असताना काही दिवस सैल गाऊन घालणे, एवढ्याने काम भागते. जीन्सचा आवळ पट्टा किंवा करकचलेला करदोटा यांनाही तोच न्याय लावावा.

आता तो वाचून दाखवण्याचा भाग. नुसता वळ कोणता आणि शंका घेण्याजोगा कोणता?

काळवंडलेली, जाडसर, खाजरी पट्टी दोन्ही बाजूंना साधारण सारखी असेल, वस्त्र सैल केल्यावर काही आठवड्यांत निवत असेल, तर ती बहुधा घर्षणाची खूण. त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवावी, पण घाबरून जाऊ नये. त्या पट्टीत एखाद्याच ठिकाणी काहीतरी वेगळे घडू लागले की सावध व्हावे. तिथे भेग पडते, खपली धरते, खपली निघते, पुन्हा भेग पडते आणि चार आठवडे उलटले तरी ती भरून येत नाही. ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची खूण. साधी जखम आपल्या गतीने का होईना, लहान होत जाते. ही तशीच राहते किंवा वाढते.

पुढची खूण कडांची. साध्या जखमेच्या कडा उतरत्या असतात आणि मधोमध सरकत येतात. या व्रणाच्या कडा उंचावतात, बाहेरच्या बाजूला उलटतात, हाताला कडक लागतात. तळही दगडासारखा घट्ट होतो. कधी व्रणाऐवजी चामखिळीसारखा किंवा फुलकोबीच्या गड्ड्यासारखा उंचवटा येतो. कापड लागले तरी रक्त येते. परकरावर रोज त्याच जागी लहानसा डाग दिसणे, ही गोष्ट धुणे धुणाऱ्या सुनेच्या किंवा लेकीच्या लक्षात आजीच्या आधी येऊ शकते. दुर्गंधी बहुधा उशिरा येते.

दुखणे हा निकष धरू नये. पुष्कळदा सुरुवातीला काहीच दुखत नाही आणि ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ या समजुतीत एक-दोन वर्षे निघून जातात. जांघेत गाठ आली, ज्याला आपल्याकडे अवधान म्हणतात, तर ती त्या व्रणाशी जोडून पाहावी. बेंबीच्या वरच्या बाजूच्या व्रणाची गाठ काखेतही येऊ शकते. अवधान पायाच्या साध्या फोडानेही येते, हे खरे आहे. म्हणूनच ते एकट्याने काही सिद्ध करत नाही, पण न भरणाऱ्या व्रणासोबत आले तर थांबण्याला जागा उरत नाही.

हे सगळे डोळ्यांना दिसणारे असूनही दिसत का नाही? एक कारण जागेचे आहे. कंबर कोणाला दाखवायची नसते. पुरुष डॉक्टरला तर नाहीच. दुसरे कारण अधिक खोल आहे. पांढुरका चट्टा म्हटला की आपल्या समाजाला दोनच नावे आठवतात. कोड किंवा महारोग. घरात लग्नाची मुलगी असेल तर आजी आपला चट्टा मरेपर्यंत लपवील, पण बोलणार नाही.

या भीतीचा इतिहास याच मुलखात वाचता येतो. विल्यम वॉनलेस या डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत मिशन रुग्णालय उघडले. रेल्वेच्या मोठ्या जंक्शनवरचे हे गाव पुढे दख्खनभरच्या रुग्णांचे तीर्थक्षेत्र झाले आणि आजही मिरजेची ओळख दवाखान्यांचे गाव अशीच आहे. तिथे कुष्ठरोग्यांसाठीही स्वतंत्र सोय उभी राहिली. मोतीबिंदूसाठी, मुतखड्यासाठी माणसे गाडीभर आप्तांसह उघडपणे येत. कुष्ठाचा चट्टा मात्र माणसाला गावाबाहेर नेई. ती धास्ती दोन-तीन पिढ्यांत पुसली जात नाही.

म्हणून फरक स्पष्ट सांगितला पाहिजे. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा बधिर असतो, तिथे स्पर्श किंवा उष्णता नीट कळत नाही; आणि तो रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, गुळगुळीत, इतरत्रही उमटणारा. तो संसर्गजन्य नाही आणि कर्करोगही नाही. नाडीच्या रेषेतला रंग उडालेला पट्टा त्या रेषेतच राहतो आणि खरखरीत असतो. तिन्हींपैकी एकही लपवण्याजोगा नाही. खानोलकरांनी कर्करोगाइतकाच कुष्ठरोगाचाही अभ्यास केला होता, ही गोष्ट मला इथे फार बोलकी वाटते.

त्वचेच्या दुसऱ्या नेहमीच्या कर्करोगाविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. तळपेशींचा कर्करोग बहुधा चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याशी होतो. डब्लिनच्या आर्थर जेकबने १८२७ साली त्याचे वर्णन केले. मोत्यासारखी चकाकणारी कड, मध्ये खळगा, खपली. आपल्या त्वचेत तो पुष्कळदा काळपट असतो आणि तीळ किंवा चामखीळ समजून सोडला जातो. तो सहसा दूर पसरत नाही, पण आहे तिथे पोखरत जातो. सावळ्या माणसांत त्वचेचा तिसरा, सर्वांत घातक कर्करोग तळपायावर किंवा नखाखाली येतो. गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग फुटबॉलची दुखापत समजला गेला होता. १९८१ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो त्यानेच गेला. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या तळव्यावरील वाढता काळा डाग याच कारणाने दाखवावा.

परत कमरेकडे. खेड्यात व्रणावर पहिले उपचार ठरलेले असतात. हळद, खोबरेल, चुना, कधी राख, कधी औषधाच्या दुकानातून नाव न विचारता आणलेले मलम. हळदीने व्रण भरत नाही हे एक आणि तिच्या पिवळ्या थराखाली कडा दिसेनाशा होतात हे दुसरे. दुकानातील पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. त्याने खाज थांबते आणि बरे वाटते, त्वचा मात्र आणखी पातळ होते.

सुश्रुतसंहितेत अर्बुदाचे जे वर्णन आहे त्यात गोल, स्थिर, मंद वेदनेची, खोल मूळ असलेली, हळूहळू वाढणारी आणि न पिकणारी गाठ, अशी लक्षणे सांगितली आहेत. यावरून ‘आपल्याला सगळे आधीच ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढणारे धागे मी अनेक पाहिले आहेत. तितके म्हणता येत नाही. अर्बुद या शब्दात नाना प्रकारच्या गाठी येतात. पण हात लावून, दाबून, वाढीचा वेग पाहून निदान करण्याची ती शिस्त मात्र खरी आहे, आणि कडा व तळ चाचपणारा आजचा शल्यचिकित्सक तेच करतो.

फरक इतकाच की, तो तिथे थांबत नाही. व्रणाच्या कडेचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. या तपासणीला आपल्या भागात अजूनही विरोध होतो, कारण ‘लोखंड लागले की कॅन्सर पसरतो’ अशी समजूत पक्की आहे. तुकडा काढल्याने हा रोग पसरत नाही. समजूत कशी रुजली असावी, हे कळण्यासारखे आहे. लोक शस्त्रक्रियेला येत तेच फार उशिरा. मग मृत्यूचे खापर शेवटी दिसलेल्या सुरीवर फुटे.

लवकर सापडला तर उपचार लहान असतो. व्रण भोवतीच्या थोड्या निरोगी त्वचेसह काढतात, जागा मोठी असल्यास मांडीची त्वचा लावतात. जांघेत पोहोचला तर तिथल्या गाठीही काढाव्या लागतात, किरणोपचारही लागू शकतात. वणावर उद्भवलेला कर्करोग उन्हाने होणाऱ्या कर्करोगापेक्षा पसरण्यात अधिक जलद असतो. त्यामुळे पहिल्या महिन्यात आलेली आजी आणि दोन वर्षांनी आलेली आजी यांच्या वाट्याला येणारे उपचार अगदी भिन्न असतात.

दाखवायला जाताना एक गोष्ट करावी. आजी रोज नेसते तेच लुगडे किंवा परकर नेसवून न्यावे. तपासणीच्या खोलीत रुग्ण सैल कपड्यात झोपलेला असतो. व्रण आणि नाडी यांची रेषा एकच आहे, हे तिथे दिसत नाही. गाठ कोणत्या बाजूला येते, किती वर्षे येते, आत परकर असतो की नाही, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे.